श्रेयांकांचा दाखला

बारावी होण्यापूर्वीच पदवीचे श्रेयांक मिळवून देऊ, असे डोंबिवलीतील एका खाजगी संस्थेने छापील पत्रकात सांगितले, तेव्हा कल्याणला राहणारा माझा भाचा कॉलेज सुटल्यावर लोकलने तिकडे नेमाने जाऊ लागला आणि बहिणीने फीचे हप्ते वेळच्या वेळी भरले. पुढे ठाण्याच्या एका महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी कारकुनाने सोनेरी शिक्क्याचा तो दाखला उलटसुलट करून पाहिला. त्यावर ना अध्ययनाच्या तासांची नोंद होती, ना स्तराचा उल्लेख, ना श्रेयांक देणाऱ्या विद्यापीठाचे नाव. आणि विद्यार्थ्याचे श्रेयांक जिथे जमा होतात त्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील मुलाच्या खात्यात तर काहीच जमा नव्हते. मुलाने घेतलेले परिश्रम खरे होते, परंतु दप्तरी त्यांना किंमत मिळाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पालकांनी ध्यानात घ्यावे की या खात्यात विद्यार्थ्याला स्वतः श्रेयांक भरता येत नाहीत. ते नोंदणीकृत संस्थेनेच भरावे लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे एका श्रेयांकामागे अध्ययनाचे ३० तास धरतात, बारावी ४ थ्या स्तरावर येते आणि पदवीचे पहिले वर्ष ४.५ वर, म्हणून विषयाचे नाव तेच असले तरी बारावीच्या दर्जाचे शिक्षण पदवीच्या हिशेबात आपोआप धरले जाईल, असे मानू नये. शाळेत असतानाच पदवीचे श्रेयांक रीतसर मिळणे मात्र अशक्य नाही: अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठ १९७२ पासून शाळांतून आपले अभ्यासक्रम चालवीत आले आहे. तेथे वर्ग शाळेत भरत असला तरी शिक्षकाला विद्यापीठाची मान्यता लागते आणि अभ्यासक्रम विद्यापीठाचाच असतो. आपल्याकडेही आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, कारण तेथे देणारा आणि घेणारा दोघेही सरकारी नियमांनी बांधलेले असतात.

तेव्हा फी भरण्याआधी दोन लेखी उत्तरे मागावीत: श्रेयांक कोणती संस्था देणार आणि कोणत्या स्तराचे, शिवाय मूल जेथे पुढे जाऊ इच्छिते त्या महाविद्यालयात स्वतः जाऊन ते स्वीकारले जातील काय हे विचारावे, आणि उत्तर तोंडी मिळाले तर अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. वर्ग सुरू झाल्यावरही प्रत्येक सत्राच्या अखेरीस मुलाचे खाते उघडून पाहावे, कारण जमा झालेल्या श्रेयांकांनाही मुदत असते आणि ती जास्तीत जास्त ७ वर्षांची आहे.