वारस कोण, नॉमिनी कोण?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी मृत्युकर शिकविला, तेव्हा वर्गात हशा पिकला. "म्हणजे मेल्यावरसुद्धा कर?" असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. पण हा कर आपल्या देशात खरोखरच होता. 15 ऑक्टोबर 1953 पासून तो लागू झाला आणि पुढे मोठ्या मालमत्तेच्या वरच्या भागावर त्याचा दर 85 टक्क्यांपर्यंत गेला. वसुली थोडी आणि कटकट फार, असा अनुभव आल्यामुळे विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो रद्द झाला. 16 मार्च 1985 पासून झालेल्या मृत्यूंना तो लागत नाही. ब्रिटनमध्ये मात्र 3,25,000 पौंडांच्या वरील मालमत्तेवर साधारणपणे 40 टक्के वारसाकर आजही आहे. त्यामुळे आपल्यामागे पैसा मुलाबाळांना कसा द्यावा, याचा सल्ला देणारे लोक तेथे पुष्कळ आहेत.

हे ऐकताना माझ्या मनात आमच्या बोईसरच्या चाळीचे चित्र उभे राहिले. आमच्याकडे ना वाडा, ना कर. मग वारशाचा विचार आम्ही का करावा? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, ते घरातच मिळाले होते.

माझे काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होते. 2022 च्या पावसाळ्यात ते हृदयविकाराने अचानक गेले. मागे आजी, काकी आणि अकरा वर्षांचा मुलगा. तेरावे झाल्यावर लोखंडी पेटी उघडली, तेव्हा फंडाच्या कागदावर आणि बँकेच्या ठेवीच्या पावतीवर, दोन्हीकडे आजीचे नाव निघाले. काका नोकरीला लागले तेव्हा त्यांचे लग्न झाले नव्हते. त्यांनी आईचे नाव दिले आणि पुढे ते तसेच राहिले. "नाव आईचं, म्हणजे पैसा आईचा," असे काही नातेवाईक म्हणू लागले. काकीने दोन दिवस कोणाशी शब्द काढला नाही. मी तेव्हा दहावीत होते. घरात इंग्रजी अर्ज वाचू शकणारी मी एकटीच, म्हणून कागद माझ्यासमोर आले. त्या कागदांतून मी जे शिकले, ते येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, कामगाराच्या मागे राहणारा पैसा एका पेटीतला नसतो. प्रत्येक पैशाचा नियम वेगळा.

भविष्य निर्वाह निधी घ्या. काका गेले तेव्हा लागू असलेल्या 1952 च्या योजनेत स्पष्ट लिहिले होते, की लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन लग्न होताच रद्द समजावे आणि सभासदाने नवे करावे. नवे नसेल तर रक्कम कुटुंबीयांत सारखी वाटली जाते. कुटुंब म्हणजे पत्नी, मुले आणि सभासदावर अवलंबून असलेले आईवडील. सज्ञान मुलगे आणि पती हयात असलेल्या विवाहित मुली मात्र या वाटपात येत नाहीत. आजी काकांवरच अवलंबून होती. म्हणून आजी, काकी आणि माझा चुलतभाऊ असे तीन वाटे झाले. फंडाला जोडलेल्या 1976 च्या विमा योजनेची रक्कमही याच मार्गाने जाते.

निवृत्तिवेतनाचे तसे नाही. 1995 च्या योजनेनुसार नोकरीत असताना सभासद गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला दरमहा वेतन मिळते. दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला तिच्या वेतनाच्या 25 टक्के रक्कम वयाच्या 25 वर्षांपर्यंत मिळते. पत्नी आणि मुले असताना कागदावर दुसरे नाव असले तरी हे वेतन तिकडे वळत नाही. मृत्युपत्र करूनही ते कोणाला देता येत नाही. रक्कम फार नसते. 2014 साली विधवेचे किमान वेतन 1,000 रुपये ठरले होते. तरी ते दर महिन्याला येते, आणि काकीच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा आलेला नियमित पैसा तो हाच.

बँकेची ठेव ही तिसरी तऱ्हा. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. परंतु नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. राम चंदर तलवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली हेच सांगितले. शेअर आणि म्युच्युअल फंड यांबाबतही डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात तसाच निर्णय झाला. आयुर्विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असल्यास त्यांना अधिक हक्क देणारी तरतूद आली आहे. ठेवीचे खरे मालक कोण, हे वारसा कायदा ठरवितो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. म्हणजे आईचा हक्क नॉमिनी म्हणून नव्हे, आई म्हणूनच आहे. तोच सुनेचाही आहे. हे मी वाचून दाखविले तेव्हा आजी म्हणाली, "मग भांडायचं कशाला? तिघांचं आहे ना." पण हे कळेपर्यंत आणि दाखले जमेपर्यंत आठ महिने गेले होते. त्या आठ महिन्यांत काकीचे मंगळसूत्र गहाण पडले.

पालघर हा आदिवासी जिल्हा असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1956 चा हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. माझ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी मैत्रिणींच्या घरी वारसा रूढीप्रमाणे ठरतो. मात्र कारखान्यातला फंड आणि निवृत्तिवेतन यांचे नियम सर्व कामगारांना सारखेच आहेत. तेथे लेकीचे नाव घालायला कोणतीही रूढी आड येत नाही.

दुसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. कंत्राटदार बदलला की फंड काढून घ्यायचा, अशी आपल्याकडे सवय आहे. त्याबरोबर निवृत्तिवेतनाचे पैसेही काढले, तर तेवढी वर्षे मोजणीतून जातात. आणि स्वतःचे निवृत्तिवेतन मिळायला दहा वर्षे भरावी लागतात. सभासदाचा कायम क्रमांक एकच ठेवून जुने खाते नव्याला जोडणे हाच शहाणपणा.

मला वाटते, आपल्या परिसरात मृत्युकर नसला तरी अज्ञानाचा कर आहे, आणि तो गरिबाकडूनच वसूल होतो. तो चुकवायला वकील लागत नाही. लग्न झाले, मूल झाले, घरात कोणी वारले, की फंडाचे नामनिर्देशन नवे करावे. बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नावे देता येतात, ती द्यावीत. घर किंवा ठेव ठरावीक माणसाला द्यायची असेल, तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. आणि हे कागद कोठे ठेवले आहेत, ते घरातल्या बायकांना सांगून ठेवावे.

काकांचे काम संपल्यावर मी बाबांचा कागद मागितला. त्यावरही आजीचेच नाव होते. नवे भरायचे म्हटल्यावर बाबा घुटमळले. आईचे नाव खोडायचे कसे, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. मी दाखविले, की एकाहून अधिक नावे देऊन हिस्से लिहिता येतात. मग आम्ही आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ अशी चार नावे भरली. आजीने आपले नाव कोठे आहे ते बोट ठेवून विचारले. मी दाखविले. तिला वाचता येत नाही, पण ती बराच वेळ तेथे पाहत राहिली.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एखादा कागद पेटीत पडलेला असेल. आज घरी गेल्यावर तो काढून वाचावा, एवढीच विनंती.