सापाचं अंथरूण

पिंपळनेरात सर्पमित्र म्हणून हिंडतो त्याला बावीस वर्षं होत आली. पोट मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर चालतं. फोन आला की दुकान पोराच्या हवाली करायचं आणि निघायचं. "भाऊ, घरमा साप निंघना, लवकर या" हे वाक्य आता झोपेतही ओळखतो. साप धरायचा कसा हे शिकवणारे मला पुष्कळ भेटले. धरलेला साप रात्रभर कशावर ठेवायचा, जखमी असला तर पंधरा दिवस त्याच्या पोटाखाली काय घालायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते मी चुका करत शिकलो आणि त्या चुकांची किंमत सापांनी मोजली. नव्या पोरांना ती पुन्हा मोजायला लागू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

१. हे अंथरूण पाहुण्याचं आहे.

नाग, घोणस, धामण, मांडूळ, अजगर यांतला एकही साप आपल्याला पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला मनाई करतो, आणि ती मनाई मला मनापासून पटते. साप धरला की वनखात्याला कळवायचं. ओळखीचा वनरक्षक नसेल तर १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. साप धडधाकट असेल तर त्याला अंथरुणाची गरजच नाही, त्याच दिवशी सोडायचा.

कुठे सोडायचा, याबद्दल मीही बरीच वर्षं चुकत होतो. बारीपाड्याचं जंगल आमच्यापासून जवळ आहे. चैत्राम पवारांनी आणि गावानं मिळून ते राखलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला वाटायचं, एवढं चांगलं रान असताना साप गावाशेजारी कशाला सोडायचा? पण कांद्याच्या चाळीत सापडलेली धामण ही शेतातली, उंदरांवर जगणारी. तिची बिळं, तिचं पाणी, तिच्या लपायच्या जागा याच शिवारात आहेत. अनोळखी रानात ती परकी होते. आता सापडल्या जागेपासून जवळच, वस्तीपासून बाजूला, बांधाच्या किंवा नाल्याच्या आडोशाला सोडतो.

पुढचं सगळं आजारी आणि जखमी सापांसाठी आहे, नाहीतर जप्तीत मुद्देमाल म्हणून आलेल्यांसाठी, कारण त्यांना कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत थांबावं लागतं.

२. खताची गोणी हाताशी असते, म्हणूनच ती टाळायची.

शेतात साप निघाला की शेतकरी मदतीला पहिल्यांदा युरियाची रिकामी गोणी पुढे करतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही घ्यायचो. एकदा पावसात अशाच गोणीत धामण घालून घरी आणली. गोणीच्या शिवणीत दाणे राहिलेले, त्यावर ओल. सकाळी गोणी उघडली तर उग्र वास आला, आणि धामण तोंड उघडं ठेवून मान वर करत होती. दोन दिवस तिनं तसे काढले. तेव्हापासून गाडीच्या डिकीत सुती पिशव्या असतात. जाड मांजरपाट, दुहेरी शिलाई, आणि शिलाईची बाजू बाहेर. आत सुटे दोरे राहिले तर सापाच्या दातांत अडकतात. बियाण्याच्या पिशव्यांचंही तेच, त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं.

३. रद्दीला पर्याय नाही.

जखमी सापासाठी वर्तमानपत्राइतकं चांगलं अंथरूण मला अजून सापडलेलं नाही. तळाला चार घड्या सपाट, वर दोन कागद चुरगाळून सैल टाकायचे. खालच्या घड्यांवर त्याला पकड मिळते, वरच्या चुरगळ्यात तो तोंड लपवतो. लपायला मिळालं की साप शांत होतो आणि डब्याच्या कडांवर नाक घासायचं थांबवतो. नुसत्या प्लास्टिकच्या तळावर ठेवला तर घसरतो, घसरला की जोर लावतो आणि टाके असतील तर ते उसवतात.

कागदाचा खरा फायदा म्हणजे कागद सगळं सांगतो. रक्ताचा थेंब पडला तर दिसतो. विष्ठेबरोबर खडूसारखं पांढरं जे पडतं ती सापाची लघवी. ती हिरवट झाली की मी डॉक्टरांना फोन लावतो. मोहरीहून बारीक काळे ठिपके कागदावर चालताना दिसले तर गोचिडाच्या जातीचे किडे लागलेत. मातीत, भुश्यात, पाल्यात यातलं काही दिसत नाही. चकचकीत पुरवण्या मात्र नकोत, त्यांवर पकडही मिळत नाही आणि ओलही शोषली जात नाही.

४. पाण्यातल्या सापालाही कोरडंच लागतं.

ही माझी सर्वांत मोठी चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

पांझरेच्या काठी मासे धरायच्या नायलॉनच्या जाळ्यात एक दिवड गुंतली होती. जाळं तीन ठिकाणी रुतलेलं. कापून काढली, दवाखान्यात मलमपट्टी केली, आठ दिवस ठेवायला सांगितलं. मी विचार केला, ही पाण्यातली. हिला ओलावा हवा. गोणपाट भिजवून पिळलं आणि डब्यात अंथरलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायचो. आपण तिची किती काळजी घेतो असं तेव्हा वाटत होतं.

पाचव्या दिवशी पोटाच्या खवल्यांवर पाण्यानं भरलेले फोड दिसले. सातव्या दिवशी ते फुटले, खालचं कातडं लालभडक. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खाली काय घातलंय?" मग त्यांनी समजावलं. दिवड पाण्यात राहते हे खरं, पण ती दिवसातून किती वेळ काठावर, दगडावर, कोरड्या गवतात उन्हाला पडलेली असते ते आठवा. पाण्यात शिरणं आणि ओल्यावर निजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहत्या पाण्यात कातडीचं काही बिघडत नाही. ओलं, कोंदट, आपल्याच घाणीनं भिजलेलं गोणपाट चोवीस तास पोटाला चिकटलं, की खवल्यांच्या फटीत जंतू वाढतात.

ती अठराव्या दिवशी गेली. जाळ्याच्या जखमा तोवर भरत आल्या होत्या.

आता कुठलाही साप असो, अंथरूण कोरडं आणि कोपऱ्यात पाण्याचं जड भांडं, उलटणार नाही असं. पाण्यात बसायचं की कोरड्यावर, हे तो ठरवतो. भांडं सांडलं तर कागद त्याच घटकेला बदलायचा, सकाळची वाट बघायची नाही. अपवाद एकच. डोळे दुधाळ झाले, म्हणजे साप कात टाकायला आलाय. उन्हाळ्यातल्या आमच्या कोरड्या हवेत कात तुकड्या-तुकड्यानं निघते, शेपटीच्या टोकाला आवळून बसते. तेव्हा झाकणाला भोक पाडलेला एक छोटा डबा, त्यात ओलं सुती फडकं, असा आत ठेवतो. बाकीचं अंथरूण कोरडंच.

५. वाळू.

पांझरेची वाळू फुकट आहे, स्वच्छ दिसते, सापाला शोभतेही. जखमेवर मात्र ती घातक. टाक्यांत शिरते, खवल्यांखाली रुतते, भक्ष्याला चिकटून पोटात जाते आणि आतडं तुंबवते.

यावर मला एकानं बरोबर हटकलं होतं. चेन्नईजवळ वडनेम्मेली इथं इरुळा आदिवासींची सर्पविष काढणारी सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. तिथे साप मातीच्या मडक्यात ठेवतात, तळाला वाळू, तोंडाला सुती कापड बांधून. मग वाळू वाईट कशी? फरक सापात आहे. ते धडधाकट साप आणतात, तीन-चार आठवडे ठेवतात, विष काढून परत रानात सोडतात. मातीचं मडकं गार राहतं, आत अंधार असतो आणि कापडातून हवा खेळते. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखणाऱ्यांची आहे. माझ्याकडे येतात ते कुऱ्हाडीचे, जाळ्याचे, रोटाव्हेटरचे घाव घेऊन. मडकं मी त्यांच्याकडून घेतलं, वाळू नाही.

६. वास छान आला तर सावध व्हायचं.

माझा भाचा पुण्यात असतो. त्याच्याकडे बॉल पायथन आहे, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बिनविषारी अजगर. परदेशी आणि साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला प्राणी असल्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती त्यानं केली आहे. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "मामा, साप शिट्टी मारल्यासारखा श्वास घेतोय, नाकातून बुडबुडे येतायत." मी विचारलं, खाली काय आहे? पाइनच्या लाकडाचा भुसा, हॅमस्टरसाठी मिळतो तो. "मस्त वास येतो मामा, घाण वास अजिबात येत नाही."

तो मस्त वासच घातक होता. पाइन आणि देवदाराच्या जातीच्या लाकडात जी उडणारी तेलं असतात त्यांनी श्वसनमार्ग चुरचुरतो. त्यात सापाची रचना बघा. बहुतेक सापांचं डावं फुप्फुस नावालाच असतं, अजगरांचंही उजव्यापेक्षा लहान; मुख्य काम करतं ते लांबलचक उजवं. छाती आणि पोट यांच्यात आपल्यासारखा पडदा नाही, त्यामुळे आपल्यासारखा जोर लावून त्याला खोकता येत नाही. आत गेलेली धूळ आणि साचलेला चिकटा बाहेर टाकायचा मार्गच अरुंद. शिवाय तो जिभेनं वास घेतो; वासाचे कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो. चोवीस तास तेच तेल जिभेवर.

भाच्यानं भुसा काढला, कागद घातला, औषध सुरू केलं. बरा व्हायला दीड महिना लागला. आता त्याच्याकडे नारळाच्या सालाचे तुकडे आहेत. त्या सापाला दमट हवा लागते आणि नारळाचं साल वरून कोरडं राहून आत ओल धरतं, म्हणून ते त्याला चालतं. आमच्याकडचे सर्पमित्र लाकडाच्या वखारीतून भुसा आणतात, त्यांनाही मी हेच सांगतो. वखारीच्या भुश्यात साग, निलगिरी, बाभूळ, वाळवीचं औषध मारलेली जुनी फळी, सगळं एकत्र असतं. सागाच्या धुळीनं तिथं काम करणाऱ्या माणसांनाही त्रास होतो.

७. मायेनं दिलेली गोधडी.

एका पाड्यावर कुत्र्यांनी फाडलेला अजगर मिळाला. थंडीचे दिवस. तिथल्या आजींनी घरातली गोधडी आणून दिली, "लेकरू गारठलंय" म्हणाल्या. नाही म्हणवलं नाही. रात्रीत अजगर फाटक्या शिवणीतून गोधडीच्या आत शिरला आणि दोऱ्यांत मानेपाशी असा गुंतला, की सकाळी कात्रीनं एकेक टाका कापायला अर्धा तास लागला. तो वाचला. ऊब द्यायची तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या एकाच बाजूला ठेवतो, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दूर सरकता येतं. बल्ब डब्याबाहेर.

८. मांडुळाला मात्र मातीच हवी.

कागदाचा नियम इथं मोडतो. मांडूळ आणि डुरक्या घोणस ही जमिनीत घुसून राहणारी जनावरं. उघड्यावर ठेवली की ती अस्वस्थ होतात, सतत कोपरे उकरतात. मोठी जखम नसेल तर शेतातली भुसभुशीत माती चाळून, उन्हात वाळवून, वीतभर घालतो. ज्या शेतात औषध फवारलंय तिथली नाही. जप्तीत आलेली मांडुळं बघवत नाहीत. गुप्तधन आणि पैशांचा पाऊस असल्या भाकडकथांपायी त्यांना पत्र्याच्या डब्यात कोंडून गावोगाव फिरवलेलं असतं, नाकाचं टोक सोलवटलेलं. अशा एकाला मातीत सोडलं तेव्हा ते क्षणात दिसेनासं झालं. दोन दिवस मी त्याला हात लावला नाही.

९. वैशाखात अंथरुणापेक्षा जागा महत्त्वाची. पारा ४३-४४ वर असताना पत्र्याच्या शेडमधला डबा म्हणजे भट्टी. सापाला घाम येत नाही. जमिनीवर, मातीच्या भिंतीलगत, सावलीत.

१०. फिनाईल नाही, डांबरगोळ्या नाहीत. डबा उकळत्या पाण्यानं धुवून कडक उन्हात वाळवायचा. वापरलेलं अंथरूण दुसऱ्या सापाला द्यायचं नाही, खड्ड्यात पुरायचं. हात साबणानं धुवायचे. सापाच्या विष्ठेतून माणसाला साल्मोनेलाची लागण होऊ शकते.

११. अंड्यांचं अंथरूण.

मृगाच्या आधी एका शेतकऱ्यानं उकिरडा उपसून ट्रॅक्टरनं शेतात टाकायला काढला, तर आत नागीण आणि सतरा अंडी. नागीण अंडी सोडून जात नाही, ती फणा काढून बसली होती. तिला धरून नाल्याकडे सोडलं. उकिरडा आता उरलाच नव्हता. वनरक्षकाला कळवलं आणि त्याच्या संमतीनं अंडी आणली.

प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला, उचलायच्या आधीच, पेन्सिलनं हलकी खूण केली. कोंबडीची अंडी उबवताना फिरवतात, सापाची फिरवायची नसतात. आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो. अंडं उलटलं तर तो गुदमरतो. जी चिकटून होती ती सुटी केली नाहीत. अंथरायला नर्सरीतलं कोकोपीट, आधी दोनदा धुतलेलं, कारण त्यात मीठ असतं. मुठीत घट्ट दाबलं तर गोळा व्हावा पण थेंब पडू नये, एवढीच ओल. अंडी अर्धी त्यात रोवून, झाकणाला बारीक भोकं पाडून, डबा घरातल्या सर्वांत शांत कोपऱ्यात ठेवला. २८ ते ३० अंशांवर तापमान राहील असं बघितलं. अंड्याला खळगा पडला की कडेनं चमचाभर पाणी, अंड्यावर नाही. तीन अंड्यांना बुरशी आली, ती अलगद वेगळी केली.

अठ्ठावन्नाव्या दिवशी, श्रावणात, पहिल्या कवचावर चीर दिसली. पिल्लू डोकं बाहेर काढून दिवसभर तसंच बसलं. ओढून काढायचं नसतं. आतला बलक अजून पोटात जायचा असतो. दोन दिवसांत चौदा पिल्लं बाहेर आली. करंगळीहून बारीक, पण फणा पुरता आणि विषही पुरतं, म्हणून आकडीनंच हाताळली.

शेतकरी स्वतः बॅटरी घेऊन आला. त्याच्याच शिवारात, वस्तीपासून लांब, नाल्याच्या काठच्या गवतात संध्याकाळी डबा आडवा ठेवला. शेवटचं पिल्लू जायला बराच वेळ लागला. मग त्यानं डबा उचलला, कवचं आणि कोकोपीट घेऊन गेला आणि नव्या उकिरड्यावर रिकामं केलं.