पाळणा लांबवणं हाही उपचारच

सातपुड्यात आरोग्यसेविकेची नोकरी केली. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर सिकलसेलच्या बाया भेटत राहिल्या. भिल्ल, पावरा समाजाला हा आजार नवा नाही. हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी होतं. त्यात दिवस राहिले की जिवावर बेतू शकतं. तरी गोळ्या-औषधं देणारेही त्यांच्याशी पाळणा लांबवण्याबद्दल क्वचितच बोलतात. या कामातून जे समजलं ते असं.

१. आजारी बाईलाही दिवस राहतात.
‘ही कायमची दुखणाईत, हिला कुठलं मूल!’ हे सासरी ऐकलं, तसंच माहेरीही. सिकलसेलमध्ये पाळी जरा उशिरा सुरू होते, पण मूल होतं. सिकलसेलमध्ये गरोदरपणी वेदनेचे झटके वाढतात, रक्त चढवायची वेळ येते. म्हणून पाळणा लांबवण्याच्या साधनाची चौकशी हा औषधपाण्याचाच भाग समजावा.

२. रिपोर्ट अर्धवट वाचू नये.
सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली की घरात रडारड होते. पण बाई वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे त्या चाचणीतून कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीतून कळतं. साधन निवडताना जास्त जपायचं ते एसएस बाईला.

३. माला-एन सरसकट देऊ नये.
या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. सिकलसेलमध्ये तो धोका मुळातच जास्त. अमेरिकेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत एसएस बाईला अशी गोळी नकोच म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटना इतकी कडक नाही. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट हातात ठेवू नये.

४. अंतरा द्यायचं तर आधी सगळं सांगावं.
हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. यात इस्ट्रोजेन नाही. जमैकात १९८२ साली झालेल्या अभ्यासात अशा इंजेक्शनने सिकलसेलच्या बायांच्या वेदना कमी झाल्याचं दिसलं. आधी कधी गुठळी झाली असेल तर मात्र डॉक्टरांनीच ठरवावं. पाळी मागेपुढे होते, कधी थांबते. मग ‘रक्त पोटात साठतंय’ या भीतीने बाई पुढचं इंजेक्शन चुकवते. रक्त साठत नाही, उलट रक्त कमी असलेल्या बाईचं तेवढं रक्त वाचतं, हे पहिल्याच दिवशी सांगावं. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे मजुरीला गुजरातेत जातात, ते होळीला परततात. इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेता येतं, चार आठवडे उशिरापर्यंतही चालतं. म्हणून निघण्याआधी तारीख बघावी आणि कार्ड सोबत द्यावं.

५. तांबी आणि छाया तब्येत बघून.
तांबी वर्षानुवर्षं टिकते, रोजची आठवण लागत नाही. पण सुरुवातीला अंगावरून जास्त जाऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन बघावं. छाया गोळीत हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. यकृताचा आजार असेल तर ती चालत नाही. सिकलसेलमध्ये डोळे रक्तपेशी फुटल्यानेही पिवळे होतात, तेव्हा कारण डॉक्टरांकडून समजून घ्यावं.

६. नवऱ्याचंही रक्त तपासावं.
दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता पंचवीस टक्के. ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन धडधाकट’ असा हिशेब नसतो. बाई एसएस आणि नवरा वाहक असेल तर ही शक्यता पन्नास टक्के. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय अभियानात आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरलेली आहे. बाप्ये टाळतात, त्यांना बायकोबरोबरच बोलवावं.

७. तिला एकटीला विचारावं.
सासू म्हणते, वंशाला एक तरी हवंच. नवरा म्हणतो, ऑपरेशनच उरकून टाका. दोघांच्या मधे बसून बाई बोलत नाही. तिला बाजूला घेऊन विचारावं, ‘तुला मूल हवंय का? हवं तर कधी?’ हवं असेल तर सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध कधी थांबवायचं, हे दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ते मनाने सोडू नये. सध्या नको असेल तर तिला झेपेल ते साधन त्याच दिवशी द्यावं. कायमचंच नको म्हणाली तर ऑपरेशन रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात, तिच्या संमतीने.