कढीपत्ता दोन लावा

पुण्याच्या सवयीनं हिवाळा म्हणजे कोरडी थंडी आणि झिनिया-कॉसमॉसचे ताटवे. तमिळनाडूतल्या स्वामीमलैत, जिथं आम्ही आता राहतो, तसं नाही. इथल्या राज्याचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो. नोव्हेंबरात दोन दिवस संततधार लागली आणि फुलपाखरांसाठी अंगणात लावलेली आमची झिनियाची रोपं बुडाशी सडून आडवी झाली.

दोष मातीचाही. धातूच्या मूर्ती ओतणारे इथले स्थपती मेणाच्या मूर्तीवर कावेरीची गाळमाती थापतात. ती इतकी बारीक की मूर्तीच्या दागिन्यांची नक्षीसुद्धा साच्यात उतरते. ओतकामात हा गुण. अंगणात मात्र तीच माती पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. म्हणून पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, फक्त आखणी करावी. सर ओसरली की अंगणात फिरून पाणी कुठं साचतं त्याच्या खुणा करून ठेवा. तिथं काही लावू नका. जागा वाळत आली की ओल्या मातीतले क्षार शोषायला फुलपाखरांचे नर तिथं उतरतात. बाकी जागेत वाळू आणि शेणखत मिसळून वीतभर उंच वाफे करा. झुडपं डिसेंबरअखेर, फुलझाडं पोंगल झाल्यावर.

फुलपाखरांची कमी कष्टाची बाग हवी, तर फुलांच्या आधी अळ्यांच्या जेवणाची सोय बघा. फुलावर फुलपाखरू घटकाभर येतं, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडच लागतं. प्लेन टायगरला रुई, कॉमन क्रोला कण्हेर, क्रिमसन रोजला ईश्वरीची वेल, कॉमन मॉरमॉनला लिंबू किंवा कढीपत्ता. यातलं बरंचसं इथं परसात असतंच. विनायक चतुर्थीला पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, रुईच्या फुलांची माळ घालतात, त्यामुळे रुई कुणाला परकी नाही. फक्त तिचा चीक डोळ्यांना वाईट आणि कण्हेर तर सगळीच विषारी. दोन्ही कुंपणाशी लावा, मुलांच्या वाटेत नकोत. मधासाठी पेंटास पुरे. एकदांडी आपणहून उगवते, ती उपटू नका. घाणेरीवर फुलपाखरं येतात खरी, पण ती पसरली की आवरत नाही; मी तरी लावणार नाही.

सगळ्यात मोठा घात औषधानं होतो, तेही साध्या घरगुती. शेजारच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, आमच्या कढीपत्त्यावर ‘पूची’ (कीड) पाहिली आणि मायेनं कडुनिंबाचं तेल फवारलं. ती पूची म्हणजे कॉमन मॉरमॉनच्या अळ्या. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. दोन दिवसांत त्यांनी खाणं सोडलं, नंतर एकही उरली नाही. कडुनिंब रासायनिक नसेल, पण अळी मारायलाच तो वापरतात. रोपवाटिकेतून रोपं आणतानाही फवारणी झालीय का ते विचारा. शंका असेल तर काही आठवडे वेगळी ठेवा.

पाट्टींशी मग तह झाला. एक कढीपत्ता सांबाराचा, एक अळ्यांचा, आणि दोन्हींत चांगलं अंतर. अळ्यांनी पार बोडका केलेला कढीपत्ताही पुन्हा फुटतो, हे त्यांना झाड दाखवूनच पटवावं लागलं.

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं शेतीचं पाणी 28 जानेवारीला बंद करण्याची जुनी रीत आहे. त्याच सुमाराला बुंध्यांभोवती पेंढ्याचं आच्छादन घाला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा मुळाशी पाणी द्या. पुढच्या वर्षी तेवढंही लागत नाही.