महाराज एकटे नव्हते : गीतेतली पाच कारणं

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



शिवजयंती किंवा राज्याभिषेक दिन आला की आपल्या फोनवर स्टेटसचा पूर येतो. महाराजांच्या मागे तेजोवलय, तलवारीतून निघणाऱ्या विजा, आणि हा राजा कधी हरलाच नाही अशा अर्थाची एखादी ओळ. आपणही ते पुढे पाठवतो. भाव खरा असतो. पण आजचे श्लोक वाचले की प्रश्न पडतो, हा नमस्कार नक्की कुणाला? रायगडावर वावरलेल्या माणसाला, की आपण रंगवलेल्या चित्राला?

श्लोक काय सांगतात?

भगवंत अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म पाच कारणं जुळल्यावर घडतं : अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे वेगवेगळे प्रयत्न, आणि पाचवं दैव. पुढे ते म्हणतात की असं असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही. हा इशारा मुळात आपल्या अहंकारासाठी आहे. पण दुसऱ्या कुणाला एकटा कर्ता ठरवतो, तेव्हाही आपली नजर तीच चूक करते, नाही का?

आता हीच पाच कारणं महाराजांच्या चरित्राला लावून बघू.

अधिष्ठान : गीतेच्या भाष्यांत याचा अर्थ शरीर असा घेतात. महाराजांचं शरीर आपल्यासारखंच होतं. थकणारं, आजारी पडणारं. ३ एप्रिल १६८० ला, अवघ्या पन्नाशीत, त्यांनी रायगडावर देह ठेवला.

कर्ता : निर्णय त्यांचे होते, जबाबदारीही त्यांचीच. त्यांचं मोठेपण इथे आहेच, ते कुणी नाकारत नाही.

करण : १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, कारण शिवा काशीद त्यांच्या वेशात शत्रूपुढे गेला आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. आग्र्यात हिरोजी फर्जंद त्यांच्या जागी पलंगावर झोपून राहिला. सगळं महाराजांनी एकट्यानेच केलं असेल, तर मग हे लोक कशासाठी जिवावर उदार झाले?

चेष्टा : प्रयत्न म्हटलं की फसलेलेही आलेच. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला आणि खूप माणसं गेली. तोच गड १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मूठभर मावळ्यांनिशी घेतला. जंजिरा मात्र अनेकदा प्रयत्न करूनही कधीच हाती आला नाही. मग महाराजांनी त्याच्यासमोर समुद्रात पद्मदुर्ग उभा केला.

दैव : जे कुणाच्याच हातात नसतं ते. कधी ते साथ देतं, कधी मिर्झाराजे जयसिंगांसारखा तोलामोलाचा सेनानी समोर आणून उभा करतं.

जून १६६५ चा पुरंदरचा तह आठवा. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख द्यावा लागला, हाती उरले १२ किल्ले. पुढच्याच वर्षी महाराज आग्र्याला गेले, तेव्हा सोबत ९ वर्षांचे संभाजीराजे होते. सुटकेनंतर परतताना त्या लेकराला मथुरेत ठेवून यावं लागलं. तेव्हा बापाच्या काळजात काय झालं असेल? अतिमानवाला काळीज नसतं, म्हणून त्या चित्रात हा प्रसंग मावतच नाही.

आणि तहानंतर? परत आल्यावर महाराजांनी घाई केली नाही. सुमारे तीन वर्षं मोगलांशी मोठं युद्ध टाळलं, कारभाराची घडी बसवली, आणि १६७० मध्ये गड परत घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच धडाक्यात कोंढाणा आला, पण तानाजी मालुसरे गेले.

अशाने भक्ती कमी होईल, असं वाटतं का? दहाव्या अध्यायाच्या ४१ व्या श्लोकात भगवंत म्हणतात की जे जे वैभवशाली, तेजस्वी दिसतं, ते माझ्या तेजाच्या अंशातून झालंय असं समज. म्हणजे तेज बघून हात जोडायला गीतेची हरकत नाही. फक्त ते तेज हाडामांसाच्या माणसात उतरलं होतं, हे विसरायचं नाही.

कारण चित्र अतिमानवाचं केलं की दोन नुकसानं होतात. आपल्याला आयती सबब मिळते : ते काय, अवतारी पुरुष होते, आपल्याला कुठे जमणार! आणि एकाच माणसाला सगळं श्रेय द्यायची सवय लागली, की आजच्या नेत्यांनाही प्रश्न विचारायचं आपण सोडून देतो. हरलेला, थांबलेला, पुन्हा उभा राहिलेला राजा मात्र आपल्याला सबब सांगू देत नाही. परीक्षा हुकली, नोकरी गेली, तरी तो विचारतो : आता पुढचा प्रयत्न कोणता?

आजचा अभ्यास : स्वतःचं एक यश आणि एक अपयश वहीत लिहा. दोन्हींपुढे ही पाच कारणं मांडा. यशाच्या बाजूला किती जणांची नावं येतात ते बघा, आणि त्यातल्या एकाला आजच फोन करा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥