नदीने दिलेले क्रियापद

प्रश्न : इंग्रजीतील ‘मिअँडर’ या क्रियापदाचा नेमका अर्थ काय? ते ‘वाँडर’चेच दुसरे रूप आहे का?

उत्तर : नाही, दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. ‘वाँडर’ हा मूळचा जर्मानिक शब्द, तर ‘मिअँडर’ हे एका नदीचे नाव आहे. आजच्या तुर्कस्तानाच्या नैर्ऋत्य भागातून वाहत एजियन समुद्राला मिळणाऱ्या या नदीला प्राचीन ग्रीक ‘मायआंद्रोस’ म्हणत. आज ती ब्युयुक मेंदेरेस आहे. तिची वळणे इतकी प्रसिद्ध होती, की वाकड्यातिकड्या गोष्टींना लोक तिचेच नाव देतात, अशी नोंद भूगोलकार स्ट्रॅबोने केली आहे. लॅटिनमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. आधी नाम म्हणून, मग क्रियापद म्हणून.

नदी, पायवाट, ओढा ‘मिअँडर’ करतो, म्हणजे नागमोडी वळणे घेत जातो. माणूस ‘मिअँडर’ करतो, तेव्हा तो घाई न करता रमतगमत हिंडतो. भाषण ‘मिअँडर’ करू लागले, की वक्ता मूळ मुद्दा सोडून भरकटतो, आणि तिथे शब्दाला नापसंतीची छटा येते. ‘वाँडर’मध्ये भटकणे महत्त्वाचे, ‘मिअँडर’मध्ये वळणे. म्हणून सरळ रस्त्यासाठी हे क्रियापद कधीच वापरू नका.

आपल्याकडे पंढरपूरला चंद्रकोरीसारख्या वळणामुळे भीमेला चंद्रभागा हे नाव मिळाले, असे मानतात. तिथे वळणाने नदीला नाव दिले; इथे नदीने वळणाला. एवढे लक्षात ठेवलेत, तर या शब्दाचा अर्थ विसरणार नाही.