वर्गातील संवाद : मिलिंदाचा धडा



बँकेच्या खिडकीवर बसून आम्हाला एक दृश्य नेहमी दिसते. नांदेड-लातूरकडे शिकणारा एखादा मुलगा शिष्यवृत्तीचे खाते उघडण्यास येतो. फॉर्म हातात घेऊन उभा राहतो, मागच्यांना पुढे जाऊ देतो. "काय अडले?" असे विचारले की मान खाली घालतो. बोलता बोलता कळते की हा तर वर्गात पहिला आहे!

दोष त्याचा एकट्याचा नाही. आम्हीही शाळेत एकदा उभे राहून म्हणालो होतो, "गुर्जी, कळंना झालंय." वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर वर्षभर आम्ही तोंड उघडले नाही. गणित कच्चे राहिले ते कायमचेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, तर नागसेन उत्तर देणारा भिक्खू. म्हणजे विद्यालयाला नाव लाभले ते प्रश्न विचारणाऱ्याचे! 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन एक अट घालतो : राजा म्हणून नव्हे, पंडित म्हणून बोलणार असाल तरच चर्चा करू. कारण पंडित चूक दाखविली तरी रागावत नाहीत, राजे मात्र शिक्षा करतात. अवघड मुद्दा समजावताना तो राजा ज्या रथातून आला त्याच रथाचा दाखला देतो.

वर्गातील संवादाचे सारे शास्त्र यात आले. शिक्षकाने वर्गात राजा होऊ नये. मुलाच्या गावाकडच्या बोलीला हसू नये. व्याज शिकवायचे तर त्याच्या घरच्या पीककर्जाचा हिशेब फळ्यावर मांडावा.

सरावपरीक्षांच्या 'लातूर पॅटर्न'ने आपल्या भागाचे नाव राज्यभर केले, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु लेखी उत्तराने गुण मिळतात. मुलाखतीत आणि कचेरीत मात्र बोलावेच लागते.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या विहारात दर रविवारी तासभर मुलांनीच प्रश्न विचारावेत आणि मोठ्यांनी न हसता उत्तरे द्यावीत. उत्तर येत नसेल तर "शोधून सांगतो" असे मोकळेपणी म्हणावे. आणि मित्रांनो, वर्गात कळले नाही तर हात वर करा. शब्द कोणतेही असोत, प्रश्न तुमचा आहे.